एकच राहिलाय, सोड

गावाला दोनच बाजू होत्या आणि दोन्ही बाजूंची माणसं आपल्या बाजूला ‘अलीकडे’ म्हणायची. रुळांच्या एका अंगाला धान्याचं गोदाम, बियाण्यांचं दुकान, दवाखाना आणि न्हाव्याची खुर्ची. दुसऱ्या अंगाला शेतं, शाळा आणि बहुतेकांची घरं. परका माणूस शाळा विचारत आला की गोदामाजवळचा सांगायचा, पलीकडे. तो बिचारा रूळ ओलांडून जायचा आणि खात्री करून घ्यायला पुन्हा विचारायचा, तर तिकडचा सांगायचा, शाळा ना, अलीकडेच आहे की. मग परका माणूस पुन्हा उलटा फिरायचा. फाटकाशी बसून हा खेळ बघण्यात कित्येकांच्या दुपारी मजेत गेल्या होत्या.

इथे मुळात गाव नव्हतंच. इंजिनाला पाणी लागायचं म्हणून माळावर टाकी बांधली. टाकी भरायला चार माणसं आली, त्यांना चहा लागतो म्हणून पाचवा आला. मग आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या ध्यानात आलं की डबे इथे थांबतात तर त्यात मका भरता येईल. झालं, गोदाम उभं राहिलं. आधी गाडी आली आणि मग गाव आलं, पण गावाला ते कधी पटलं नाही. सगळे असंच बोलायचे की आम्ही आपले नीट राहत होतो आणि ही गाडी मध्येच आडवी आली.

फाटकवालीला मात्र बाजूच नव्हती. तिचं दोन खोल्यांचं घर अगदी रुळांना लागून. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून रूळ बारा पावलांवर. मालगाडी निघाली की फळीवरचे पेले खांद्याला खांदा लावून कडेकडे सरकायचे आणि ती येता-जाता हातानं त्यांना मागे लोटायची. बोलणं मध्येच तुटायचं. समोरचा दचकून गप्प बसायचा, ती नुसती थांबायची, आणि शेवटचा डबा गेला की वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलायची. अठ्ठेचाळीस डबे मधून गेले तरी तिच्या वाक्याची शिवण उसवायची नाही.

खरं बघायला गेलं तर ती फाटकवाली नव्हतीच. नोकरी तिच्या नवऱ्याची. फाटकाच्या चौकीवरची पाटी, अंगावरचा निळा सदरा, रजिस्टरातली सही, सगळं त्याचं. चौदा वर्षांपूर्वी रुळांखालचे लाकडी स्लीपर बदलताना एक स्लीपर त्याच्या उजव्या गुडघ्यावर आला. रेल्वेच्या डॉक्टरकडे जावं, तर डॉक्टर कागदावर ‘अपात्र’ लिहिणार आणि नोकरीसोबत रेल्वेचं घरही जाणार. मग गावातल्याच एका हाड बसवणाऱ्याकडून त्यानं गुडघा बांधून घेतला आणि ती म्हणाली, दोन दिवस चाक मी फिरवते. फाटकाचा आडवा दांडा खाली-वर करायचं ते लोखंडी चाक. ते दोन दिवस चौदा वर्षं चालले.

त्यांनी कामाची वाटणीच करून टाकली होती. स्टेशनातून फोन आला की तो घ्यायचा. त्याचा आवाज इतका खणखणीत की फोन नसता तरी स्टेशनपर्यंत पोचला असता. रजिस्टर तो लिहायचा, अक्षर कसं, मोत्यासारखं. गाडी जाताना हिरवं निशाण तो दाखवायचा, चौकीच्या चौकटीला पाठ टेकून. धावत्या गाडीतून बघणाऱ्याला ताठ उभा वाटायचा. बाकी चाक, साखळी, कुलूप, रुळांमधल्या फटी साफ करणं, आडव्या आलेल्या गुरांना हाकलणं, ते तिचं. नियमांचं पुस्तक त्यानं तिला वाचून दाखवलं होतं, एकदा नाही, दहा वेळा. रुळावर काही अडकलं तर काय, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची: लाल निशाण घ्यायचं, फटाक्यांची पेटी घ्यायची, गाडीच्या दिशेनं सहाशे मीटर पळायचं, दहा-दहा मीटरवर तीन फटाके रुळाला बांधायचे. ते फटाके म्हणजे चपट्या डब्या. इंजिनाचं चाक त्यांवर चढलं की असा बार होतो की ड्रायव्हरला ब्रेक लावावाच लागतो. सहाशे मीटर म्हणजे तिची आठशे चाळीस पावलं. तिनं मोजून ठेवली होती. पळायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नाही, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. स्टेशन मास्तर, ज्यांचं एकही वाक्य ‘काय म्हणतो मी’शिवाय सुटत नसे, ते चौकीवर आले की ती दिसूनही त्यांना दिसायची नाही. म्हणायचे, काय म्हणतो मी, दांडा आज छान हलका चाललाय, तेल घातलंय वाटतं फाटकवाल्यांनी. आणि फाटकवाले चौकटीला टेकून म्हणायचे, हो, घातलं.

घरात नवऱ्याची थोरली बहीण होती. वन्सं कुणाशी थेट बोलायच्याच नाहीत, भांड्यांशी बोलायच्या. पातेलं घासता घासता त्याला सांगायच्या, “बघ रे बाबा, नोकरी एकाची आणि घाम दुसरीचा. आपल्याला काय, आपण गप्प राहायचं.” आणि पातेलं जितकं गप्प राहील त्याच्या दुप्पट त्या बोलायच्या.

आता राहिला तो ‘एक’.

मक्याच्या दिवसांत गोदामापुढे ट्रॉल्यांची रांग लागायची ती फाटकाच्या पलीकडे, शाळेच्या वळणापर्यंत. फोन वाजला की फाटकवाली चाकाला हात घालायची आणि दांडा हळूहळू उतरू लागायचा. तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी जो असेल तो ओरडायचा, “मावशी, एकच राहिलाय, सोड.” मागे वीस असले तरी एकच. मग ती चाक अर्ध्या फेऱ्यावर धरायची आणि तो एक दांड्याखालून सटकायचा. नियमात हे बसत नव्हतं. पहिल्या वर्षी नवऱ्यानं आरडाओरडा केला, दुसऱ्या वर्षी नुसता खोकला, पुढे खोकणंही सोडलं. तिला तरी काय, नाही म्हणणं जड जायचं. चौदा वर्षं अख्ख्या गावानं तिच्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं. त्या बदल्यात अर्धा फेरा. कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण दोन्ही बाजूंना ते पक्कं ठाऊक होतं. आणि चौदा वर्षांत तो ‘एक’ काही संपला नाही.

त्या दुपारी रांगेच्या तोंडाशी भोंगा होता. हा ट्रॅक्टरवाला दोन पावलांवरच्या माणसाशी तीन शेतं पलीकडच्याशी बोलावं तसा बोलायचा, म्हणून भोंगा. मागच्या स्टेशनातून पॅसेंजर निघाली, असा फोन आला. म्हणजे हाताशी अकरा मिनिटं. तिनं चाक फिरवायला घेतलं. भोंगा ओरडला, एकच राहिलाय. तिनं अर्ध्या फेऱ्यावर धरलं. त्यानं घाई केली, आणि ट्रॅक्टरला त्या दिवशी एक नाही, दोन ट्रॉल्या जोडलेल्या होत्या. पहिली पार गेली. दुसरीचं चाक रुळांमधल्या फळीवरून घसरलं, कणा मोडला आणि ट्रॉली रुळांवर बसली. वरचा मका भडाभडा खडीवर सांडला. भोंग्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज म्हणून फुटेना. गावानं त्याला असा पहिल्यांदाच पाहिला.

नवरा आधीच फोनला चिकटला होता. स्टेशन मास्तर पलीकडून म्हणत होते, काय म्हणतो मी, गाडी तर सुटली, आता माझ्या हातात काय आहे. तिनं लाल निशाण काखेत मारलं, पेटी घेतली आणि पळत सुटली. साठाव्या पावलाला एक चप्पल गेली, सत्तराव्याला दुसरी. खडी तळव्यांत घुसत होती आणि ती आकडे चुकू नयेत म्हणून मोठ्यानं मोजत होती. आठशे चाळीसवर तिनं पहिला फटाका बांधला, पुढे दुसरा. तिसऱ्याची रुळाला आवळायची पत्र्याची पट्टी गंजून गेलेली, हातात घेताच मोडली. डोक्याला बांधलेला हिरव्या चौकड्यांचा रुमाल तिनं दातांत धरून फाडला आणि त्या चिंधीनं फटाका रुळाला आवळला. मग बाजूला होऊन निशाण हलवत राहिली.

तीन बार झाले. ब्रेक असे किंचाळले की शाळेतल्या पोरांनी कानांवर हात ठेवले. गाडी ट्रॉलीपासून दोनशे पावलांवर थांबली.

ती गाडीच्या कडेकडेनं परत निघाली, अनवाणी, लंगडत. एका डब्याच्या दारात एक बाई मुलीचे केस विंचरत बसली होती. फणी केसांत तशीच अडकलेली. बाईनं वरून विचारलं, “कुठलं स्टेशन आलं हो?” फाटकवालीनं ती फणी पाहिली, मुलीची अर्धी घातलेली वेणी पाहिली आणि चालत राहिली.

नवऱ्यानं रजिस्टरात लिहिलं, तीन बारा, ट्रॉली अडकली. तीन एकोणीस, गाडीस धोका दाखवला. दाखवला कुणी ते लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

शिक्षा झाली असती तर बरं, असं म्हणायची पाळी आली, कारण झालं ते कौतुक. पॅसेंजरच्या ड्रायव्हरनं अहवालात लिहिलं की फाटकावरच्या माणसानं गाडी वाचवली. वरच्या कचेरीत कुणाला तरी ते फार आवडलं. धैर्य आणि तत्परता, अशा शब्दांत पत्र काढायचं ठरलं, आणि त्याआधी चौकशीला म्हणून एक कारकून आला, गावकऱ्यांचं म्हणणं लिहून घ्यायला.

फाटकवाला कसा धावला हे सांगायला अख्खं गाव लोटलं. चौदा वर्षं शिवलेलं तोंड त्या एका दुपारी उसवलं. बियाणेवाले बोलताना नेहमी पुडीवरचा मजकूर वाचल्यासारखे बोलायचे; म्हणाले, सहाशे मीटर, दोन मिनिटांच्या आत, शंभर टक्के खात्रीनं, मी स्वतः पाहिलंय. न्हावी म्हणाला, मी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी टाकून बघत उभा राहिलो. ते गिऱ्हाईकही मागून आलं आणि अर्ध्या दाढीनं आपण काय पाहिलं ते सांगून गेलं. भोंग्याला आवाज परत आला होता. त्यानं तर फाटकवाल्याला मक्याच्या ढिगावरून उडी मारायला लावली. प्रत्येकाला वाटत होतं, आपण थोडं कमी बोललो तर तिचं नुकसान होईल. कारकून पान उलटत होता आणि लिहीत होता.

आठवड्यानं उत्तर आलं. एवढा चपळ कर्मचारी असताना त्याचा लाभ इतरांना का होऊ नये, असं साहेबांचं म्हणणं होतं. शनिवारी सकाळी साहेब स्वतः येणार. लाइनवरच्या सात फाटकांची माणसंही आणणार. फाटकवाल्यानं सगळ्यांसमोर ते धावून दाखवायचं, साहेब घड्याळ लावणार.

स्टेशन मास्तरांनी फोनवर हे वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच ‘काय म्हणतो मी’ म्हणायला विसरले.

न्हाव्याच्या दुकानात गाव जमलं. सगळे एकमेकांना म्हणत होते, तूच जास्त बोललास. शेवटी स्टेशन मास्तरांनीच वाट काढली. सांगायचं, धावता धावता त्याच दिवशी गुडघा मुरगळला. तेव्हापासून पाय टेकवत नाही. अंगावर आलेलं उलट मानाचं होईल. सगळ्यांना ते इतकं पसंत पडलं की बियाणेवाल्यांना तर तो मुरगळताना दिसलासुद्धा होता.

फाटकवालीला मात्र घोर लागला होता तो वेगळाच. पेले मागे लोटताना तिचा हात मध्येच थांबायचा. वन्सं तव्याला म्हणाल्या, काय बाई, हल्ली अन्न जात नाही लोकांना. शुक्रवारी दुपारी नवरा ओट्यावर बसून सदऱ्याची पितळी बटणं घासत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली.

“अहो, धावलं कोण एवढंच सगळे विचारतात. ट्रॉली सोडली कुणी, ते कुणीच विचारत नाही.”

तो बटण घासत राहिला. “नाही ना विचारत? मग झालं तर.”

“पुन्हा अडकली तर?”

“निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. अकरा. तेवढे जाऊ देत, मग आपण आणि आपलं घर कुठेही.” त्यानं बटण उन्हात धरून पाहिलं. “आणि अडकली तर अडकली. तू आहेस ना.”

तिनं पायाचा तळवा वळवून बघितला. खडीच्या जखमा भरत आल्या होत्या, एकातून अजून पाणी येत होतं. ती पन्नाशीला आली होती. तिसऱ्या फटाक्याला चिंधी पुरली, हा नशिबाचा भाग होता, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी साहेब आले. गावानं मोठा रुबाबदार माणूस मनात धरला होता. उतरला तो किरकोळ अंगाचा, सर्दी झालेला, हातात रुमाल. कुणी काही सांगितलं की नाक ओढायचा आणि म्हणायचा, “बरं.” त्या ‘बरं’ला ना चढ ना उतार. त्यावरून पटलं की नाही पटलं, कुणाला काही कळेना. दोन्ही ‘अलीकडे’ ओस पडल्या होत्या, सगळे फाटकाशी. साहेबांनी गर्दीवरून एकदा नजर फिरवली. ती फाटकवालीच्या डोक्यावर क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

गुडघ्याची गोष्ट सांगून झाली. साहेब म्हणाले, बरं, धावू नका मग, तोंडी सांगा. हे तर फाटकवाल्याच्या हातचं काम. चौकटीला टेकून त्यानं सात फाटकांच्या माणसांना सगळा नियम असा सांगितला की एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याचा तो आवाज ऐकून काहींनी नकळत टोप्या काढल्या. गावानं श्वास सोडला. भोंग्यानं न्हाव्याच्या कानात कुजबुज केली, ती फाटकाच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेली, की जमलं.

साहेब म्हणाले, सहीसाठी आत बसू. चौकीत तिघंच गेले, ते, नवरा आणि चहाचा पेला घेऊन ती. साहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि रजिस्टरावर उघडली. आत जळक्या कडांची एक चिंधी होती, हिरव्या चौकड्यांची.

फाटकवालीचा हात डोक्याकडे गेला. आठवडाभर गावानं प्रत्येक गोष्टीचा विचार केला होता, गुडघ्याचा, बटणांचा, अर्ध्या दाढीचा. तिच्या डोक्यावरच्या फाटक्या रुमालाचा विचार कुणी केला नव्हता. सवयीनं सकाळी तिनं तोच बांधला होता.

“गार्डला रुळावर मिळालं,” साहेब म्हणाले. “मी एकदाच विचारतो, आणि तुम्ही सांगाल ते लिहितो. बांधलं कुणी?”

नवऱ्यानं घसा साफ केला. घरातला फडका पेटीत असतो, पेटी पुसायला, असं तो म्हणाला. पट्टी मोडली तेव्हा तोच फाडून बांधला. आवाज जराही हलला नाही. इतकं सरळ खोटं की तिलासुद्धा क्षणभर तो फडका पेटीत दिसला.

साहेबांनी नाक ओढलं. “बरं,” म्हणाले आणि लिहायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. मालगाडी निघाली होती. तिनं पाऊल उचललं आणि तिथेच रोवलं, कारण बाहेर सात फाटकांची माणसं उभी होती. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. उठला. गुडघा ओढत बाहेर गेला आणि चौदा वर्षांनी त्यानं चाकाला हात घातला.

दांडा उतरू लागला. शाळेच्या वळणापासून ट्रॉल्यांची रांग लागलेलीच होती, सगळ्यांत पुढे बियाणेवाल्यांचा टेम्पो, ते स्वतः आत बसलेले. सकाळपासून इस्त्रीच्या कपड्यांत साक्ष द्यायला ताटकळलेला माणूस, पण गाडीची वेळ झाली आणि तोंडातून सवयीनं गेलंच, “एकच राहिलाय, सोड.” टेम्पो दांड्याखाली शिरला. नवऱ्यानं घाईनं चाक उलटं फिरवायला गुडघ्यावर भार टाकला आणि गुडघा गेला. चाक हातातून सुटलं, गरगर फिरलं, दांडा टेम्पोच्या टपावर आदळला. टेम्पो रुळांवर, दांडा त्याच्यावर, आणि रुळांच्या वळणापलीकडून मालगाडीची शिट्टी.

ती कधी पोचली हे कुणाला दिसलंच नाही. तिनं खांदा लावून चाक फिरवलं, दांडा वर झाला, टेम्पो मागे गेला, दांडा खाली आला, साखळी, कुलूप. नवरा चाकाशी जमिनीवर बसलेला. मालगाडी त्यांच्या अंगावरून जावी तशी गेली, बेचाळीस डबे, आणि तोवर कुणाला काही बोलायची सोय नव्हती. शेवटचा डबा गेला तेव्हा ती साहेबांकडे वळली. ते चौकीच्या दारात उघडी वही घेऊन उभे होते.

“साहेब, रुमाल माझा आहे. धावले मी. आणि ती ट्रॉली सोडली तीही मीच. रोज सोडते. ते आधी लिहा.”

साहेब नवऱ्याकडे बघत राहिले. तो अजूनही ‘नाही’ म्हणू शकत होता; बाईमाणूस घाबरलं आहे, म्हणू शकत होता. त्यानं चाकाला धरून उभं राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसाच बसून राहिला. मग रजिस्टर वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाला, “तीन बारा, ट्रॉली अडकली. तीन तेरा, ती निघाली. तीन एकोणीस, तिसरा फटाका बांधला. मी चौकीत होतो.”

साहेबांनी ते लिहिलं. ह्या वेळी ‘बरं’ म्हणाले नाहीत.

महिन्यात सगळं उरकलं. रेल्वेच्या डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, हा किती जुना. कागदावर चौदा वर्षं टाळलेला तो एक शब्द आला, ‘अपात्र’. साहेबांनी आपल्या परीनं बरं लिहिलं म्हणे, म्हणून चौकशी पुढे वाढली नाही. पण घर सोडावं लागलं. धैर्य आणि तत्परतेचं पुढे कुणी काही बोललं नाही. दवाखान्याच्या मागे एक खोली मिळाली. तिथे पेले फळीवर जागच्या जागी राहायचे आणि वन्सं त्यांना म्हणायच्या, काय रे, हलत का नाही कुणी.

नवरा तिच्याशी बोलत होता, म्हणजे मीठ, पाणी, दार लाव, एवढं. अकरा महिने हा शब्द त्यानं पुन्हा उच्चारला नाही. दुपारी गाडी गेली की तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, आणि रजिस्टरात वेळ लिहावी तसे ओठ हलायचे. गावही तिच्याशी पूर्वीसारखं नव्हतं. आम्ही एवढं केलं, आणि हिनं तोंडावर पाडलं, असं न्हाव्याकडे बोललं जायचं. बियाणेवाले समोरून आले तर दुकानाच्या पाटीकडे बघायचे.

मक्याचे दिवस संपत आले होते. ती शाळेकडच्या अंगाला कामाला गेली होती आणि दुपारी परतत होती. फाटकापासून वीस पावलांवर असताना दांडा उतरू लागला. चाकाशी नवा फाटकवाला होता, तरणा, नुसता नियमाचा माणूस. चाक करकरत होतं, तेल कुणी घालत नसावं. ती दांड्याशी येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ह्या बाजूनं थांबायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती; उतरणारा लोखंडी दांडा समोरून केवढा दिसतो, हेही तिला आज कळलं.

मागे ट्रॅक्टर येऊन थडकला. भोंगा. मागे एकच ट्रॉली होती. त्यानं तिला पाहिलं आणि जरा गडबडला, पण सवय ती सवय. तो तिच्या डोक्यावरून नव्या माणसाला ओरडून म्हणाला, एकच राहिलाय, सोड. नवा माणूस चाक फिरवतच राहिला. भोंग्यानं पुन्हा हाक दिली आणि ट्रॅक्टर दोन हात पुढे घेतला, दांडा अजून पुरता खाली आला नव्हता.

फाटकवालीनं मागे वळून ट्रॅक्टरच्या नाकावर हात ठेवला. पत्रा तापलेला होता.

“थांब,” ती म्हणाली.

“मावशी, अगं तू पण?”

तिनं हात काढला नाही. गाडी आली, डबे जाऊ लागले. प्रत्येक दारात कुणी ना कुणी बसलेलं होतं आणि ती एकेक दार बघत होती.